हॉटेल उघडण्याआधीचे ‘फायनल कम्प्लिशन’ : कोणाचे, कोणत्या क्रमाने

गोरेगावच्या एका ताईंनी विचारले आहे. स्टेशनजवळच्या एका व्यावसायिक इमारतीत पहिल्या मजल्यावर अकराशे चौरस फुटांचा गाळा त्यांनी लिव्ह अँड लायसन्सवर घेतला आहे. मालवणी जेवणाचे हॉटेल काढायचे आहे. ४८ खुर्च्या, मागे किचन, वर सामानासाठी लॉफ्ट. इंटिरिअर जवळजवळ आटोपले आहे आणि उद्घाटन दसऱ्याला, म्हणजे पाच आठवड्यांवर. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, कम्प्लिशन आर्किटेक्ट काढून देईल. डिझायनर म्हणते, ते लायसन्सची कामे करणाऱ्या माणसाचे काम. इमारतीचे मॅनेजर म्हणतात, आमच्याकडून फिट-आउट कम्प्लिशनचे पत्र घ्या, त्याशिवाय विजेचा पूर्ण लोड सोडणार नाही. तर ‘फायनल अप्रूव्हल’ नेमके कोणाचे, आणि ते दसऱ्याच्या आत मिळेल का?

मी आर्किटेक्ट आहे. गेली एकवीस वर्षे मुंबईत दुकाने, दवाखाने, बेकऱ्या, हॉटेले यांची आतली कामे करते आणि ती उघडेपर्यंत सोबत असते. हा प्रश्न मला सतत येतो, आणि बहुतेक वेळा काम संपत आल्यावरच येतो. म्हणून आधीच सांगते : ‘फायनल अप्रूव्हल’ नावाचा एकच कागद मुंबईत मिळत नाही. तुम्हाला तिघांनी तीन दिशा दाखवल्या; तिघेही खोटे बोलत नाहीत. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा कागद आहे.

मॅनेजरांच्या डोळ्यांपुढे आहे ते इमारतीचे स्वतःचे पत्र : तुम्ही आमच्या नियमांप्रमाणे काम केले, बीम फोडला नाही, आमच्या स्प्रिंकलर लाइनला (आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या पाइपांना) हात लावलात तो आम्हाला विचारून लावलात, राडारोडा उचललात. हे खासगी पत्र आहे, पण वीज आणि अनामत रक्कम त्यावर अडते. आर्किटेक्टचे कम्प्लिशन म्हणजे पालिकेकडून ज्या बांधकाम-बदलाची परवानगी घेतली होती, ते काम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचे कळवणे. अग्निशमनाचा कागद तिसरा : आगीची यंत्रणा बसवणाऱ्या परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ए, आणि हॉटेलसाठी अग्निशमन दलाने घातलेल्या अटींची पूर्तता. चौथा म्हणजे धंद्याचा परवाना. हॉटेलला तो पालिकेचा आरोग्य विभाग देतो, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खाली. तुमच्यासाठी ते ऑफिस म्हणजे पी दक्षिण वॉर्ड. शिवाय अन्न सुरक्षा कायद्याचा परवाना आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आहेत, पण ही दोन्ही कामे ऑनलाइन आणि समांतर चालतात, त्यांत फारसे अडत नाही.

या चारही ठिकाणांहून जो माणूस तुमच्या गाळ्यात येतो, तो हातात कसला तरी नकाशा घेऊन येतो आणि नकाशात आहे तेच जागेवर आहे का, हे बघतो. शेवटच्या तपासणीचा गाभा एवढाच. माझी ज्या ज्या ठिकाणी अडचण झाली, तिथे काम वाईट नव्हते. काम चांगले होते आणि नकाशा जुना होता.

आता तुमच्या बाबतीत काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण त्याशिवाय ‘पाच आठवडे पुरतील’ असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात आधी इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आणि त्यासोबतचा मंजूर नकाशा. तुमच्या गाळ्याच्या चौकोनात काय लिहिले आहे? ‘शॉप’, ‘ऑफिस’, ‘रेस्टॉरंट’? मालकाने तोंडी ‘कमर्शियल आहे, काहीही चालेल’ असे सांगितले असेल, पण कमर्शियल हा एकच शब्द पुरत नाही. ऑफिसच्या गाळ्यात हॉटेल म्हणजे वापरातला बदल, आणि त्यासाठी आर्किटेक्टमार्फत इमारत प्रस्ताव विभागाकडे जावे लागते. तसे निघाले तर दसरा विसरा, हे मी मनापासून सांगते. अशा वेळी दसऱ्याला फक्त पूजा करा आणि पत्रिकेवरून तारीख काढा.

इमारत जुनी असेल आणि ओसीच नसेल, तर रस्ता वेगळा. मुंबईत अधिकृत मानण्याची ठरलेली तारीख आहे : व्यावसायिक बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीपासून अस्तित्वात असल्याचे पुरावे असले, तर ते ग्राह्य धरतात. जुनी करपावती, जुना गुमास्ता, विजेचे जुने बिल, असे कागद शोधायला लागतात. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर पालिकेच्या त्याच अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तिचे स्ट्रक्चरल स्टेबिलिटीचे प्रमाणपत्र सोसायटीकडे असायला हवे. ते मागून घ्या. फोर्टसारख्या भागात वारसा इमारत असेल तर दर्शनी बाजूला काही करण्याआधी वारसा समितीचा विषय येतो. गोरेगावला तुम्हाला तो येणार नाही.

यानंतर आतमध्ये तुम्ही काय काय हलवले, हे बघायचे. रंग, प्लास्टर, फरशी बदलणे, भांडी धुण्याचे सिंक नवे बसवणे ही राहती दुरुस्ती. तिला पालिकेची वेगळी परवानगी लागत नाही. पण भिंत पाडली, टॉयलेट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेले, स्लॅबला भोक पाडून चिमणीचा डक्ट काढला, लॉफ्टचा पोटमाळा केला, तर तो कलम ३४२ चा विषय, म्हणजे आधी पालिकेची परवानगी. तशी परवानगी घेतली असेल तर काम संपल्यापासून महिन्याच्या आत आर्किटेक्टने कलम ३५३ अ प्रमाणे पूर्णत्वाची नोटीस द्यायची असते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला ‘कम्प्लिशन आर्किटेक्ट देईल’ म्हणताना बहुधा हेच म्हणायचे आहे. परवानगी घेतलीच नसेल तर आर्किटेक्ट कशाचे कम्प्लिशन देणार? कॉन्ट्रॅक्टरला आधी विचारा : काय मंजूर होते, आणि मंजुरीचा क्रमांक काय?

लॉफ्टविषयी थोडे थांबते, कारण तुम्ही ‘वर सामानासाठी लॉफ्ट’ लिहिले आहे. मुंबईच्या विकास नियमांत लॉफ्टची उंची जास्तीत जास्त दीड मीटर आणि वापर फक्त साठवणुकीचा. सुताराने ‘जागा आहे तर थोडा उंच करू, पोरांना दुपारी आडवे व्हायला होईल’ असे म्हणून सहा फूट केला असेल तर तो लॉफ्ट राहिला नाही. तो चटई क्षेत्रात मोजला जाणारा मजला झाला, आणि कलम ३५१ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची, नोटीस येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. टेप घ्या आणि आजच मोजा. पाच फुटांपेक्षा जरा कमी, ४ फूट ११ इंच म्हणजे दीड मीटर. त्याहून उंच असेल तर वरची फळी खाली आणणे हे दोन दिवसांचे सुतारकाम आहे. नोटीस आल्यावर ते दोन महिन्यांचे होते.

आता तुमच्या ४८ खुर्च्या. हे वाचल्यावर मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. अकराशेतला किचन, टॉयलेट, काउंटर वगळून जेवणाची जागा साधारण ६०० चौरस फूट धरली, तर ती होते ५५.७ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाच्या जागेला माणशी ठरावीक क्षेत्र धरून माणसे मोजतात. त्या हिशेबाने तिथे ४८ पेक्षा कमीच माणसे बसतात. प्रत्यक्षात खुर्च्या जास्त असतील तर तपासणारा खुर्च्या मोजतो, हिशेबातला कमी आकडा धरत नाही. ४८ गिऱ्हाइके आणि आत काम करणारी दहा माणसे, एकूण ५८. संहितेत पन्नास किंवा जास्त माणसे जमतात ती जागा सभेच्या प्रकारात मोडते, आणि बाहेर पडण्याच्या मार्गांच्या, दाराच्या रुंदीच्या अटी कडक होतात. चार-चारच्या तीन टेबलांच्या बारा खुर्च्या काढल्या तर ३६ आणि १० मिळून ४६ होतात. जागा नेमकी कोणत्या प्रकारात बसते हे शेवटी तपासणारा अधिकारी जागेवर ठरवतो, पण मी तुमच्या जागी असते तर आज बारा खुर्च्या कमी केल्या असत्या आणि नकाशात ३६ च दाखवल्या असत्या. मालवणी हॉटेलात दुपारी साडेबारा ते अडीच रांग लागते, पान लवकर उठते. बारा खुर्च्यांनी तुमचा गल्ला तेवढा कमी होणार नाही, जेवढा उद्घाटन लांबल्याने होईल.

दारांचेही असेच. हे मी हातचे राखून सांगत नाही, कारण माझ्या हातून एकदा घडले आहे. माहीमला एका बेकरी-कॅफेचे काम होते. गुढीपाडव्याला उघडायचे, कुटुंबाने नातेवाईक बोलावलेले. अग्निशमनाचे अधिकारी आले, पुढचे दार बघितले, ठीक म्हणाले, आणि मागच्या दाराकडे गेले. नकाशात मागे बाहेर पडायचे दार होते, तसे ते प्रत्यक्षातही होते. पण फ्रीज पुरवणाऱ्याने आदल्या रात्री दोन दरवाजांचा उभा फ्रीज त्याच्यासमोर आणून ठेवला होता, कारण प्लग पॉइंट तिथेच होता. अधिकाऱ्यांनी दाराची कडी काढली, दार आतल्या बाजूला उघडायला गेले आणि फ्रीजला आपटून सहा इंचांवर थांबले. ते काही ओरडले नाहीत. त्यांनी फक्त वहीत एक ओळ लिहिली. प्लग पॉइंट हलवायला, दाराची चौकट उलटून ते बाहेर उघडेल असे करायला, पुन्हा तारीख मिळायला एकोणीस दिवस गेले. एकोणीस दिवसांचे भाडे त्या कुटुंबाने भरले. मी नकाशा पन्नास वेळा पाहिला होता. फ्रीज कुठे येणार, हे एकदाही विचारले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक उपकरणाचा चौकोन मी नकाशात काढून घेते, मग तो बर्फाचा डबा का असेना.

बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल एवढे का बोलते, ते मुंबईत राहणाऱ्यांना सांगायला नको. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात आग लागली, १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले, धुरात गुदमरलेले. दार कुठे आहे हे धुरात कळले नाही म्हणजे माणूस जिथे दरवाजा दिसेल तिथे शिरतो. तुमच्या हॉटेलातला ‘बाहेर’ लिहिलेला हिरवा दिवा वीज गेल्यावरही पेटला पाहिजे. टॉयलेटच्या बोळातून निघाले तर तो दिसला पाहिजे. मेन स्विच खाली करून, सगळे दिवे बंद करून एकदा तुम्ही स्वतः टॉयलेटमधून बाहेर चालत या. कोणत्याही प्रमाणपत्राआधी मी हे प्रत्येक मालकाला करायला लावते.

फॉर्म ए बद्दल आता सविस्तर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीकडे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना हवा, आणि काम झाल्यावर तीच एजन्सी फॉर्म ए देते. पुढे दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. इथे दोन चुका होतात. पहिली, जागेवर न येता फॉर्म ए देणारे लोक बाजारात आहेत. मला याचा मनस्ताप होतो. त्या कागदावर कोणाची तरी सही असते आणि त्या सहीखाली उद्या कोणी तरी जेवायला बसणार असते. एजन्सीचा परवाना चालू आहे का, कोणत्या कामासाठी आहे, हे तुम्ही स्वतः बघा आणि चाचणीच्या दिवशी तिथे उभ्या राहा. दुसरी चूक अशी की लोक स्वतःचा फॉर्म ए घेतात आणि इमारतीचा फॉर्म बी मागतच नाहीत. तुमच्या छतातल्या स्प्रिंकलरला पाणी इमारतीच्या टाकीतून, इमारतीच्या पंपातून येते. खाली पंप बंद पडला असेल तर तुमच्या छतात आहेत ते नुसते लाल रंगाचे पाइप. मॅनेजर तुमच्याकडून पत्र मागत आहेत ना, तुम्हीही त्यांच्याकडून गेल्या जुलैचा फॉर्म बी लेखी मागा.

स्प्रिंकलरमध्ये काय बघायचे? फॉल्स सीलिंग आधीच बंद झाले असेल तर ते बंद करण्यापूर्वी पाइपची दाब-चाचणी झाली होती का, तिचे फोटो आणि कागद आहेत का, हे विचारा. फॉल्स सीलिंग आणि मूळ स्लॅब यांच्यात ८०० मिलिमीटरहून जास्त पोकळी असेल तर त्या पोकळीतही स्प्रिंकलर लागतो. खाली लटकणाऱ्या प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे स्प्रिंकलरच्या तोंडात, काचेची एक छोटी नळी असते, तिच्यातल्या द्रवाचा रंग बघा. लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला फुटणारी. जेवणाच्या जागेत ती बरोबर. पण तुमच्या किचनमध्ये, जिथे वड्यांची कढई आणि भाकरीचा तवा दिवसभर तापत असेल, तिथे लाल नळी लावली असेल तर एखाद्या मे महिन्याच्या दुपारी ती आग नसतानाच फुटेल आणि सगळी आमटी वाहून जाईल. तिथे ९३ अंशांची हिरवी नळी हवी. आणखी एक : पेंटरने शेवटचा हात मारताना हेडवर रंग उडवला असेल तर तो थिनरने पुसून चालत नाही. ते हेड बदलायचे. रंगाच्या थराने ते उशिरा फुटते, किंवा फुटतच नाही. गेल्याच वर्षी एका दवाखान्यात अकरा हेडपैकी सात पांढऱ्या डिस्टेंपरने माखलेली निघाली. पेंटरचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

किचनच्या चिमणीचा डक्ट कुठे सोडला आहे? शेजारच्या ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून सोडला असेल तर आरोग्य विभागाच्या तपासणीत अडेल आणि तक्रारही तिथूनच येईल. साधारण अपेक्षा अशी असते की धूर गच्चीच्या वर जावा. म्हणजे बाहेरच्या भिंतीवरून सगळे मजले चढायचे, आणि त्याला सोसायटीची लेखी संमती हवी. ती तोंडी असेल तर आज कागदावर घ्या. मासे तळल्याचा वास हा पहिल्याच आठवड्यात भांडणाचा विषय होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

गॅसचे : महानगर गॅसची पाइपलाइन इमारतीत असेल तर तिचाच अर्ज करा, पहिल्या मजल्यावर सिलिंडर चढवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. तोवर सिलिंडर वापरणार असाल तर हिशेब लक्षात ठेवा. विनापरवाना एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी साठवता येतो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, म्हणजे पाच झाले की ९५ किलो. सहावा आला की मर्यादा ओलांडली. आणि ते इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात, पत्र्याचा आडोसा करून ठेवू नका. ती मोकळी जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी आणि माणसांसाठी असते. तिथला आडोसा, जनरेटर, ताडपत्री हे सगळे तपासणीत पहिल्या नजरेला दिसते.

आरोग्य विभागाच्या तपासणीविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे जे बघतात ते कोणत्याही चांगल्या हॉटेलवाल्याला माहीत असते : कच्चे आणि शिजवलेले वेगळे, भांडी धुण्याची जागा वेगळी, सांडपाण्यातले तेल अडवणारा ग्रीज ट्रॅप, जाळ्या, पेस्ट कंट्रोलची पावती, कामगारांची वैद्यकीय तपासणी. कामगारांच्या तपासणीला मात्र उशीर करू नका. वस्ताद आणि पोऱ्या दोघेही गणपतीला गावी गेले तर रक्त तपासायला कोण येणार?

बोर्डाचेही आधी ठरवा. दुकानाचे नाव मराठीत, देवनागरीत, आधी आणि दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवे. २०२२ च्या दुरुस्तीने ते सगळ्या आस्थापनांना लागू झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घातली होती. दिव्याचा बोर्ड असेल तर त्याची परवानगी पालिकेच्या अनुज्ञापन खात्याकडून वेगळी. मालवणी जेवणाचे नाव मराठीत लिहायला तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही, पण डिझायनर लोक नमुन्यात इंग्रजी नाव मोठे आणि मराठी नाव तळाशी बारीक काढतात. तेवढे बघून घ्या.

आता वेळेचा प्रश्न. पाच आठवडे म्हणजे मध्ये गणपती आणि पितृपक्ष. गणपतीच्या दिवसांत सुतार-प्लंबर कोकणात, आणि वॉर्डाचे व अग्निशमनाचे बरेच लोक विसर्जनाच्या बंदोबस्तात. त्या दिवसांत कोणाची तारीख मिळेल अशी आशा धरू नका. पण हेच दिवस तुमच्या घरच्या तपासणीचे. आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर, इलेक्ट्रिशियन आणि तुम्ही, चौघांनी मंजूर नकाशाची मोठी प्रत जमिनीवर पसरून एकेक भिंत, दार, सिंक, हेड, दिवा यावर खूण करत फिरायचे. जिथे जुळत नाही तिथे लाल पेन. त्या लाल खुणांचे दोन भाग करा : जे जागेवर बदलता येते ते बदला, जे बदलता येत नाही ते नव्या नकाशात दाखवून आर्किटेक्टकडून सही-शिक्क्यासह सादर करा. पितृपक्षात लोक उद्घाटने टाळतात, पण सरकारी ऑफिसे चालूच असतात. माझ्या अनुभवात तपासणीच्या तारखा त्या पंधरवड्यात लवकर मिळतात.

क्रम असा धरा : आधी मंजूर नकाशावरचा वापर आणि लॉफ्टची उंची, मग घरची तपासणी, मग इलेक्ट्रिकचा टेस्ट रिपोर्ट, दाब-चाचणी आणि फॉर्म ए, हे हातात घेऊन मॅनेजरांकडून पत्र आणि पूर्ण लोड, सगळी उपकरणे लोडवर चालू असताना अग्निशमन आणि आरोग्याची तपासणी. लोड येण्याआधी तपासणीला बोलावू नका. चिमणीचा पंखा फिरत नसेल आणि इमर्जन्सी दिवा चार्ज नसेल, तर अधिकारी काय बघणार? प्रत्येक अर्जाची पोच, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख एका फाइलमध्ये ठेवा. त्रुटीचे पत्र आले तर मुद्द्यागणिक उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्यासोबत फोटो जोडा. ‘सर्व पूर्तता केली आहे’ अशी एका ओळीची उत्तरे परत येतात.

पैशाच्या दोन गोष्टी. कॉन्ट्रॅक्टरच्या शेवटच्या बिलातले दहा टक्के मी फॉर्म ए, टेस्ट रिपोर्ट आणि सगळ्या यंत्रणांचे कागद हातात येईपर्यंत सोडत नाही. तुमचे बिल अजून दिले नसेल तर तसे करा, पण कॉन्ट्रॅक्टरला आज सांगा, शेवटच्या दिवशी नाही. आणि मालकाशी बोलून बघा. भाडे सुरू होण्याची तारीख परवान्याशी जोडायला मालक सहसा तयार नसतात, पण ओसीवरचा वापर चुकीचा निघाला तर ती तुमची चूक नाही, आणि त्या काळाचे भाडे मागण्यात त्यांची बाजू कमकुवत आहे.

कोणी सांगेल, ‘आधी ट्रायल म्हणून सुरू करा, ओळखीच्यांना जेवायला बोलवा, कागद मागून येतील.’ घरच्या माणसांना जेवू घाला, मजा करा. पण पैसे घेऊन बाहेरच्या माणसाला बसवले की ते हॉटेल झाले, आणि त्या दिवशी काही झाले तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न परवान्याचा असेल. त्या दिवशी कोणालाही काही होऊ नये असे मला वाटते, म्हणून एवढे लांब लिहिले.

तुमच्या गाळ्याच्या चौकोनात मंजूर नकाशावर नेमका कोणता शब्द आहे, आणि लॉफ्टची उंची टेपने किती आली, हे दोन आकडे-शब्द कळवा. त्यावरून दसरा की दिवाळी, हे सांगता येईल.